तातूंवर जिंकलेला डाव

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. लोक बाजारात फसतात, लग्नात फसतात. मी फसलो तो देवळात, आणि तेही नारळ स्वतःच्या पैशाने आणून.

कट्टा नावाच्या बाजारगावापासून आत आमचं गाव. तिथे ग्रामपंचायतीची पहिलीच निवडणूक लागली. राजकारण कशाशी खातात ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बरेच जण उभे राहिले. मीही राहिलो. माझं वचन एकच होतं, यष्टी थेट वाडीत आणीन. त्यासाठी रस्ता हवा, आणि तो सरळ हवा तर मधली रवळनाथाची राई तोडायला हवी. देवाच्या नावाने राखलेलं जुनं रान ते. माझं तेव्हाचं मत म्हणाल तर झाडांचं काय मोठंसं, कोकणात ती न विचारता उगवतात.

हे मत न पटणारा माणूस एकच, तातू गावकर. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. राईच्या पोटातून आमचा व्हाळ, म्हणजे ओढा, निघतो, आणि ऐन मे महिन्यात बायका त्याच्यावरच घागरी भरतात. तातू एवढंच म्हणाले, "राय गेली काय व्हाळ गेलो." त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. भांडले असते तर मी सावध तरी राहिलो असतो.

उलट रोज दुपारी देवळाच्या ओसरीवर आमचा सोंगट्यांचा पट मांडलेला असायचा. माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर सोंगट्या खेळाव्यात, हे माझं आजही मत आहे. बुद्धिबळात दोघेही झोपल्यासारखे दिसतात आणि पत्त्यांत तर चेहरा लपवणं हीच विद्या. सोंगट्यांत माणूस उघडा पडतो. मी दान पडलं की ओरडायचो. तातू कवड्या टाकायचे, पान चघळायचे आणि गालात हसायचे. आपण हरलो हे मला बऱ्याच उशिराने कळायचं. इतकी वर्षं खेळलो, एकदाही जिंकलो नव्हतो.

आणि निवडणुकीच्या तोंडावर एके दिवशी चक्क जिंकलो. तातूंची शेवटची सोंगटी अगदी घराच्या दारात मारली मी.

"हरलंय रे बाबा," तातू म्हणाले. "आज तुझो दिवस आसा. आताच नारळ ठेय देवाकडे, मी गाऱ्हाणा घालतंय."

मी धावत जाऊन नारळ आणला. दहा-वीस माणसं जमली.

आमचं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगतो. एकाने देवाला सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पाळण्यात असल्यापासून हे कानावर पडलेलं. त्यामुळे वाक्य ऐकायची गरज राहत नाही, नुसता सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं.

तातूंनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा, तुझ्या लेकरान ह्यो नारळ ठेयलो आसा, तो मान्य करून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"इलेक्शनात त्याका यश दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

माझं शरीर देवासमोर, पण मन ओसरीवर. ती सोंगटी मारली तेव्हा तातूंचा चेहरा कसा झाला होता, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

"आणि निवडान इलो काय तो तुझ्या रायच्या पानाक हात लावचो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

"रस्तो रायक वळसो घालून नेतलो आणि दर पावसात नवी झाडां लावतलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज माझ्या एकट्याचाच होता. बाकीचे माझ्याकडे बघत होते. शेजारच्या बाबल्याने कोपर मारलं. "अरे, काय कबूल केलंस ता कळला तुका?"

मग कळलं. "तातू, ह्या काय केलात तुमी?"

"मी खंय काय केलंय? मी सांगलंय, तू व्हय म्हटलंस. आता फिरवचा आसात तर देवाक सांग. माका कित्याक सांगतंस?"

देवासमोर दिलेला शब्द फिरवायची आमच्याकडे कोणाची छाती आहे? सरळ रस्ता गेला, त्याच्याबरोबर माझं एकुलतं एक वचनही गेल्यासारखं वाटलं. आपण पडणार हे धरूनच मी घरी बसलो.

आणि निवडून आलो. वाडीतल्या बायका झाडून मतदानाला आल्या होत्या. व्हाळावर एक काकी म्हणाली, "बाकीच्यांनी वचना लोकांक दिल्यानी. तू देवाक दिलंस."

रस्त्याला वळसा पडला. यष्टीचा ड्रायव्हर त्या वळणावर रोज माझा उद्धार करायचा. दर पावसात मी झाडं लावली, आधी चरफडत, मग आवडीने. पुढे एका उन्हाळ्यात आजूबाजूचे व्हाळ आटले, आमचा वाहत राहिला. त्या दिवशी राईतून चालताना तातूंच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. न भांडता, न रागावता या माणसाने आख्खं रान वाचवलं होतं.

सोंगट्यांत मात्र मी पुन्हा कधीच जिंकलो नाही. शेवटी न राहवून एका दुपारी, भरल्या ओसरीवर विचारलं, "तातू, त्या दिसा तुमी मुद्दाम हरलात मां?"

तातूंनी कवड्या खाली ठेवल्या आणि गाभाऱ्याकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, इतकी गजाल कळाक ह्या लेकराक इतकी वर्सां लागली. बुद्धी जरा कमीच दिलंस त्याका, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

आवाज माझा एकट्याचाच होता.