न घेतलेला पंखा

कोणतीही वस्तू हातात आली की तो ती आधी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून चोळायचा. कापड असो, पोळी असो, नाहीतर वर्तमानपत्र. मग मान तिरकी करून जणू त्या वस्तूलाच विचारायचा, "काहून पाहिजे गा तू?" वस्तूला उत्तर देता आलं नाही, की ती परत फळीवर जायची.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पण तो तुमच्या खोलीत राहत नसेल. माझ्या राहत होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या कॉलेजांनी माझे मार्क पाहून लांबूनच नमस्कार केला आणि नागपूरने मला पदरात घेतलं. धरमपेठेत एका घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली होती, तिच्यात तो आधीपासूनच होता. उमरेडच्या विणकराचा मुलगा, माझ्या पुढच्या वर्गात. आम्ही दोघंही सरकारी कर्जावर शिकत होतो. सगळं कॉलेज त्या कर्जाला नुसतं 'लोन' म्हणायचं. हप्ता आला की जेवायचं आणि नोकरी लागली की फेडायचं, असा साधा व्यवहार. अडचण एवढीच, की भूक रोज यायची आणि हप्ता त्याच्या सवडीने.

माझा हप्ता आला तसा उडून जायचा. त्याचा पुरायचा. कसा पुरतो हे कळेना, म्हणून मी त्याच्यावर चक्क पाळत ठेवली. साबणाची वडी तो सुताचा दोरा ओढून कापायचा आणि एकेक काप पुरवून वापरायचा. चना-पोह्यांच्या गाडीवर पोहे एकच प्लेट घ्यायचा, पण वरची तर्री, म्हणजे तिखट रस्सा, इतक्या वेळा मागायचा की शेवटी गाडीवाला त्याच्याकडे न बघताच पळी पुढे करायचा. काटोलची संत्री बाजार उठताना, डाग पडलेली तेवढी घ्यायचा. ऊन तापायला लागलं की दुपारभर कॉलेजच्या वाचनालयात पंख्याखाली बसायचा. कोणत्या खुर्चीवर हवा सरळ येते आणि कुठे नुसता पंख्याचा आवाज येतो, हे त्याला पाठ होतं.

पण त्याची खरी चैन शनिवारी संध्याकाळी. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो सीताबर्डीवर जायचा, दुकानामागून दुकान भाव करत फिरायचा आणि खोलीवर येऊन खाटेवर ऐसपैस बसत सांगायचा, "आज रेनकोट नाही घेतला." दुसऱ्या शनिवारी घड्याळ नाही घेतलं. एकदा तर त्याने सायकल घेतली नाही, तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की अभिनंदन करावंसं वाटलं.

त्यातही एक वस्तू तो पुन्हा पुन्हा घ्यायचा नाही. बर्डीवरच्या एका सेठच्या दुकानातला आकाशी रंगाचा टेबलफॅन. दुकानात जायचं, बटण दाबायला लावायचं, समोर उभं राहून केस उडवून घ्यायचे, भाव विचारायचा आणि यायचं. "आज पंखा नाही घेतला," हे वाक्य तो इतर वस्तूंपेक्षा जरा हळू म्हणायचा.

आता माझ्याकडे वळतो, कारण घोटाळा माझ्याशिवाय होत नाही.

तिकडची मराठी मला सुरुवातीला चकवायची. पहिल्याच दिवशी तो ताटावरून म्हणाला, "मी जेवून राहिलो." आमच्याकडे ह्याचा अर्थ होतो, जेवला आणि मग राहिला. मी मदत म्हणून त्याचं अर्धं भरलेलं ताट उचललं. त्याने माझा हात धरून ताट परत खाली ठेवलं आणि समजावलं, की जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, अजून चालू आहे. तेव्हापासून मला कळायला लागलं. बाजारात कळे, बसमध्ये कळे. पण पैशाचा विषय निघाला की माणूस आपल्या सोयीचं व्याकरण वापरतो.

मार्चमध्ये परीक्षेची फी भरायची होती. सोमवार शेवटचा दिवस. फी चुकली की परीक्षा गेली, परीक्षा गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की लोनही बंद. फीपुरते पैसे मी, नवल म्हणजे, पेटीत जपून ठेवले होते. शनिवारी सकाळी मी ऑफिसात लोनची चौकशी केली. बाबू पान लावता लावता म्हणाले, "येऊन राहिलं ना बावा तुमचं लोन."

मी ऐकलं ते असं: आलं, आणि आता ऑफिसातच मुक्कामाला राहिलं आहे. म्हणजे सोमवारी ते उचलून फी भरायची, पेटीतले पैसे मोकळे.

तिथून मी थेट खोलीवर, पेटी उघडली, आणि तिथून बर्डी. सेठने सांगितला तो भाव मी मुकाट्याने दिला. घासाघीस करायला वेळ कुणाला होता? पंखा मांडीवर घेऊन सायकलरिक्षात बसलो तेव्हा मी दानशूर दिसत असणार, निदान मला तरी तसं वाटत होतं.

तो दुपारी वाचनालयातून आला. मी बटण दाबलं. तो दारातच थांबला. चपला काढून पंख्यासमोर मांडी घालून बसला, आणि थोड्या वेळाने हात पुढे करून अंगठ्याने आणि बोटाने चक्क हवा चोळून पाहिली.

"बारीक सुताची हाये गा," तो म्हणाला.

मग विचारलं, पैसे कुठचे. मी ऐटीत सांगितलं, लोन आलं. कोण म्हणालं? बाबू. काय म्हणाले बाबू?

"येऊन राहिलं म्हणाले."

तो डोळे मिटून तसाच बसून राहिला, अंगावरचा घाम वाळेपर्यंत. त्याला माझी चूक त्याच क्षणी कळली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्याने पंखा बंद केला, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाला, "येऊन राहिलं म्हणजे रस्त्यात हाये. आलं नाही. चाल, उचल."

सेठने आम्हाला पंख्यासकट पाहिलं आणि आधीच मान हलवली. बिका हुआ माल वापस नहीं होता. मी रडकुंडीला आलो होतो. तो मात्र काउंटरवर कोपर टेकून, रोजच्या भाव करायच्या आवाजात म्हणाला, "सेठ, ये पंखा मैं कब से नहीं ले रहा हूँ, आपको मालूम है ना?"

"मालूम है," सेठ म्हणाला.

"तो समझो आज भी नहीं लिया."

सेठ इतका हसला की त्याला गल्ल्यावर हात टेकावा लागला. पैसे सगळे परत मिळाले. देता देता त्याने गमतीने म्हटलं, "पर अब भाव पूछने मत आना, भाई."

सोमवारी माझी फी भरली गेली. मी पास झालो. लोन परीक्षा आटोपल्यावर आलं.

सेठची गंमत मात्र त्याने खरी धरली. तो त्या दुकानात पुन्हा गेला नाही. शनिवारी दुसऱ्या रस्त्याने फिरायचा, रेनकोट घ्यायचा नाही, घड्याळ घ्यायचा नाही, पण पंख्याचं नाव काढेना. माझ्या वर्षाच्या बदल्यात त्याची ती एक चैन गेली. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाला, "पाहून झाली ना गा हवा. आता काहून पाहिजे?"

पुढे तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात लागला आणि मी माझ्या मुलखात, साताऱ्याला परतलो. घर बांधलं तेव्हा मी दिवाणखान्यात पहिला पंखा लावला, आकाशी, आणि त्याला वास्तुशांतीचं बोलावणं धाडलं. ऑफिसात त्याचा ट्रंककॉल आला. नुसती खरखर. तिच्यातून एवढंच ऐकू आलं, "येऊन राहिलो गा."

घरी सांगितलं, एक पान जास्त मांडा. ते पान मांडलेलंच राहिलं. नंतर त्याच्या भावाकडून कळलं, निघायची तयारी झाली होती आणि ताप डोक्यात गेला, त्यातच तो गेला.

आता मला नागपुरी चांगली येते. ते वाक्य त्याच्या बोलीत काय सांगतं, हे मला ठाऊक आहे. पण दुपारी पंखा लावून बसलो, की तेवढ्या एका वाक्यापुरतं मी माझं जुनं, चुकीचं मराठी वापरतो: आला, आणि इथेच राहिला.