कुरिअरचा खर्च आणि काला अंब

आप्पांना पानिपतला नेण्यामागे माझा मूळ हेतू कुरिअरचा खर्च वाचवणे हा होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी सांगितलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. नोकरीतली काही वर्षं त्यांनी दिल्ली कँटोन्मेंटमध्ये काढली, पण काला अंबला, म्हणजे पानिपतच्या लढाईत मराठे जिथे पडले तिथल्या स्मारकाला, जायला त्यांना कधी रजा जमली नाही. आता साताऱ्याहून आमच्याकडे दिल्लीत द्वारकेला आले की दर वेळी विचारायचे, "एकदा डोकं टेकवून येऊ या का रे?" मी म्हणायचो, "बिल्कुल! पुढच्या रविवारी." असे पुढचे रविवार कित्येक वर्षं चालले होते.

मग आमच्या चिरंजीवांना, ईशानला, फुटबॉलचा व्हिडिओ गेम हवा झाला. नव्या गेमची किंमत ऐकून मी खुर्ची धरली. (तेवढ्यात अख्खा संघ जेवून गेला असता!) शोधता शोधता वापरलेले गेम अदलाबदल करायचा एक ऑनलाइन ग्रुप सापडला. तिथे मी 'दिल्लीचा पेशवा' या नावाने दाखल झालो आणि ईशानने खेळून टाकलेला युद्धाचा गेम मांडला. लगेच गिऱ्हाईक आलं. त्याच्याकडे फुटबॉलचा गेम होता, डिस्कवर ओरखडा नव्हता. अडचण एकच, माणूस पानिपतचा. चादरींचा दुकानदार. कुरिअरचा सगळा खर्च तो माझ्यावर टाकत होता आणि दुकान सोडून तो दिल्लीला येणार नव्हता.

"आप्पा, या रविवारी पानिपत!" मी जाहीर केलं.

आप्पांनी टॉवेलने डोळे पुसले आणि साताऱ्याला माझ्या बहिणीला फोन लावला. "अगं, सतीश नेतोय मला. स्वतःहून म्हणाला!"

बहिणीने फोन मला द्यायला सांगितला. "दादा, उगाच बोलत होते रे मी तुला इतकी वर्षं."

"असू दे," मी म्हणालो. म्हणालो ना!

बायकोने मात्र डोळे बारीक केले. "तुम्हाला इतिहास कधीपासून?"

"रक्तातच असतो तो." (हे मी बोललो. बायकोसमोर. न हसता.)

रविवारी आप्पा कोटावर पदकं लावून तयार. कापडी पिशवीत झेंडूचा हार, नारळ आणि गावच्या शेतातली मूठभर माती. गेमचा डबा मी त्याच पिशवीच्या तळाशी सरकवला. दुकानदाराला स्मारकाच्या फाटकाशी बोलावलं होतं; म्हटलं, हार वाहून झाला की हळूच काढू.

स्मारकापाशी शांतता होती. आप्पांनी बूट काढले, हार वाहिला, नारळ ठेवला, माती सोडली आणि पिशवीत पुन्हा हात घातला. डबा बाहेर आला! वर मशीनगन रोखलेला गोरा सैनिक.

"हे काय?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "ईशानने दिलंय. वाहायला."

आप्पांनी तो डबा दोन्ही हातांनी हाराशेजारी ठेवला, चार पावलं मागे आले आणि कडक सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला! दुसरं काय करणार?

तेवढ्यात फाटकातून हाळी आली, "पेशवा जी! ओ पेशवा जी!"

दर्शनाला आलेली कोल्हापूरची मंडळी दचकली. एक धिप्पाड गृहस्थ हातात फुटबॉलचा गेम नाचवत येत होते. मी खुणा करतोय, तर त्यांचा आवाज आणखी चढला. "आप ही हो ना? दुकान खुली छोड़ के आया हूँ, भाई! गेम कहाँ है?" मग त्यांना हाराशेजारी डबा दिसला. "लो! ज़मीन पे क्यों रख दिया?"

आप्पांचा हात अजून कपाळाशी होता. तो सावकाश खाली आला.

"कोण हे?"

सांगितलं. सगळं. कुरिअरसकट.

दुकानदाराला मराठी येत नव्हती, पण त्याने आप्पांची पदकं पाहिली, चेहरा पाहिला आणि मुकाट्याने बूट काढले. "अंकल जी, पता होता तो मैं खुद दिल्ली आ जाता."

(तो खरंच दिल्लीला आला असता, तर आप्पा आजही इथे पोचले नसते. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.)

आप्पांनी वाकून डबा उचलला, कोटाच्या बाहीने त्यावरची माती पुसली आणि त्याच्या हातात दिला. "लो बेटा. इसने ज़ुबान दी है." मग माझ्याकडे न बघता ते पुन्हा स्मारकाच्या स्तंभासमोर उभे राहिले आणि दुसरा सॅल्यूट केला. या वेळी हात उचलायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या वाटेवर मुरथलचे ढाबे मागे पडले. फुटबॉलचा गेम मांडीवर घेऊन आप्पा बाहेर बघत होते.

"सतीश."

"काय, आप्पा?"

"अमृतसरला कोणी नाही का रे गेम बदलणारा? सुवर्णमंदिर राहिलंय बघायचं."

चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं.

"शोधतो," मी तत्परतेने म्हणालो.

'नेतो' म्हणायला हवं होतं, हे मला द्वारकेच्या सिग्नलला सुचलं.