एका पानाचा एक आणा

शाळेत काय शिकवता असं कुणी विचारलं, की शामलाबाई राजोपाध्ये म्हणायच्या, "बसायला शिकवते." त्यात फारसं खोटं नव्हतं. ग्वाल्हेरात नई सडकेमागच्या गल्लीत मराठी मुलींची एक छोटी शाळा होती. तिथल्या एका खोलीत दर शनिवारी दुपारी बाई मुलींना सतरंजीवर बसवायच्या आणि मोठ्याने वाचायला लावायच्या. धडे नव्हेत, गोष्टी. मुली त्या खोलीला वाचनघर म्हणत. खोलीत एक कपाट होतं आणि कपाटात मोजकीच पुस्तकं. ती इतक्या हातांतून गेलेली, की बहुतेकांची शेवटची पानं गळून पडली होती. शेवट मुली आपापल्या मनाने करीत आणि त्यावरून भांडत.

पूर्वी पुस्तकांसाठी दरबारातून दरसाल काहीतरी यायचं. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, आणि ती रक्कम कुठल्या खात्यात गडप झाली ते खुद्द खात्यालाही सांगता येईना. शामलाबाईंनी अर्ज केला. पण नवं सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. अर्ज इथे पोचला की सरकार तिथे. बाईंच्या सासरचं देवस्थानाचं वेतनही त्याच धामधुमीत बंद झालं होतं. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पुस्तकांबद्दल मात्र त्या रोज कुणाचं ना कुणाचं डोकं खात.

ते डोकं बहुतेक महिपतरावांचं असे. महिपतराव शाळा समितीचे अध्यक्ष. एके काळी दरबारात त्यांना खुर्ची होती. आता खुर्ची गेली होती, बसण्याची ऐट तेवढी राहिली होती. तोंडात अष्टौप्रहर विडा, त्यामुळे ते बोलायच्या आधी वर बघत. असंच वर बघून त्यांनी एक दिवस निकाल दिला. "बाई, कपाट रिकामं, तर खोली का अडवायची? दिवाळीपर्यंत पुस्तकांची सोय करा. नाहीतर तिथे शिवणाचा वर्ग बसवू."

शिवणाशी बाईंचं वैर नव्हतं. पण ती खोली गेली असती, तर त्यांच्या जिवाला चटकाच लागला असता. मूलबाळ नव्हतं, नवरा अबोल. आठवड्यातले सगळे दिवस त्या शनिवारसाठी ढकलत.

चार दिवस विचार करून त्यांनी एक बेत काढला. वर्गणी मागायची नाही, वाचून मिळवायची. मुलीने पुस्तक घरी न्यायचं. संध्याकाळी एक पान तिने मोठ्याने वाचायचं, पुढचं पान आईने किंवा वडिलांनी. आत्या, मामा, शेजारी, ओळखीचे दुकानदार यांनी आधीच कबूल करायचं, की वाचलेल्या पानामागे एक आणा देऊ.

बेत लागू पडला. आठवडाभरात गल्लीतल्या घरांतून संध्याकाळी वेगळेच आवाज येऊ लागले. वनमाला नावाच्या एका मुलीच्या घरी तर नवलच झालं. तिचे वडील पांडुरंगराव पलटणीत होते; पलटण मोडली, तेव्हा मोटार-अड्ड्यावर चिकटले. पुस्तक बघताच त्यांना जांभई येई. म्हणून पुढचं पान आईकडे, अनसूयाबाईंकडे आलं. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. पहिल्या दिवशी एका पानाला त्यांना इतका वेळ लागला, की आमटी आटून गेली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आमटी स्वतः उतरवली.

आणि मग ही वनमाला सराफ्यात गेली.

सराफ्यात गुलाबचंद सेठ नावाचे जुने जवाहिरे होते. वनमालाच्या आजीच्या पाटल्या त्यांच्याकडच्या, तेवढीच ओळख. मुलगी चुणचुणीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि घाईत दोन्ही. तिने गादीपुढे उभं राहून आपलं म्हणणं मांडलं.

"सेठजी, स्कूल के लिए चंदा है. एक पान का एक आना."

सेठजींनी चष्मा वर केला. हिंदीत पुस्तकाचा असतो तो पन्ना. पान म्हणजे खायचं पान, दुसरं काही नाही. "पान का? कितने पान?"

"बीस तो हो जाएंगे, शनिवार तक."

"अकेली?"

"नहीं, आई भी साथ बैठती है."

"घर में कोई कुछ कहता नहीं?"

"कहेंगे क्यों? बाई ने ही तो लगाया है!" वनमाला अभिमानाने म्हणाली.

सेठजींनी तिला हात जोडून वाटेला लावलं आणि तसेच महिपतरावांच्या घरी जाऊन गाऱ्हाणं घातलं. आपल्या शाळेतल्या बाई मुलींना पानाची सवय लावतात, आया त्यांच्या जोडीला बसतात, आणि त्यासाठी भर बाजारात पैसे मागितले जातात. तेही एका पानाला एक आणा, जेवढ्याचं पान दरबारातही कुणी खाल्लं नसेल!

महिपतराव मराठी माणूस. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात लगेच उजेड पडला असता. पण त्यांच्या आयुष्यात पान एकच होतं, आणि तेही त्या क्षणी तोंडातच होतं. त्यांनी बाईंना बोलावणं धाडलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि इथे त्या चुकल्या. त्या हसल्या. थोडं नाही, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खुलासा केला. महिपतरावांना तो पटला, म्हणूनच ते जास्त चिडले. आपण मूर्ख ठरलो हे बाईंच्या हसण्यातून त्यांना कळलं होतं.

"मला समजलं हो," ते म्हणाले, "पण बाजाराला कोण समजावणार? शाळेची अब्रू गेली. गुलाबचंद स्वतः येऊन शब्द मागे घेतील, तर ठीक. नाहीतर दिवाळीची वाटसुद्धा बघत नाही. सोमवारपासून शिवण."

बाई घरी आल्या, तेव्हा हसू कुठच्या कुठे पळालं होतं. वनमाला दारातच रडत उभी होती. "बाई, मी तर सीधंच बोलले त्यांना. ते का घुस्सा झाले?"

"तू बरोबरच बोललीस," बाई म्हणाल्या. "आता ऐकवू या त्यांना. आईला बोलाव."

दिवेलागणीला तिघी सराफ्यात गेल्या. अनसूयाबाई बाजारात कधी गादीपर्यंत चढल्या नव्हत्या. पदर पुढे ओढून त्या कडेला टेकल्या. सेठजी गडबडून उठले. शामलाबाईंनी पुस्तक वर धरलं. "सेठजी, हमारे यहाँ इसको पान कहते हैं. आप एक सुन लीजिए. फिर जो कहना हो, कहिए."

वनमालाने वाचायला घेतलं. गोष्ट साधी होती. नव्या सुनेची नथ विहिरीत पडते, आणि ती कुणाला न सांगता दोर घेऊन निघते. गिऱ्हाइकांची मराठी सेठजींना कळे, पुस्तकांशी मात्र कधी संबंध आला नव्हता. ते आधी भिंतीकडे बघत होते. नथ म्हणताच त्यांची मान वळली.

"मोती कितने थे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"सात," वनमाला म्हणाली.

"हूं. सात ठीक है. आगे?"

पुढचं पान आईचं. अनसूयाबाईंनी ओळीवर बोट ठेवलं. मग अक्षराला अक्षर लावत त्यांनी सुरुवात केली. जोडाक्षर आलं की थांबत, लेकीकडे न बघता पुन्हा धरत. शेजारच्या दुकानातली घासाघीस थांबली. सून विहिरीत उतरली, दोर कमी पडला, आणि पान संपलं. अनसूयाबाईंनी घाम पुसला. शामलाबाईंना त्या वेळी त्यांचा इतका अभिमान वाटला, की खोली क्षणभर विसरायला झाली.

सेठजी पुढे वाकले होते. "एक पान और," ते म्हणाले.

समोरच्या पानवाल्याने तत्परतेने एक विडा पाठवून दिला.

"अरे, ये वाला नहीं!" सेठजी ओरडले. "वो, किताब वाला!"

बाईंनी पुस्तक मिटलं. "बाकी शनिवार को, वाचनघर में," त्या म्हणाल्या. "कमरा रहा, तो."

शनिवारी सेठजी आले. आपला शब्द मागे घेऊन महिपतरावांनाही त्यांनी बरोबरच आणलं होतं, आणि दारात विडा थुंकायला लावला. दोघे सतरंजीवर बसले. मुलींनी आणि आयांनी पाळीपाळीने वाचलं. सूनबाई पुन्हा दोर जोडून उतरल्या, पाणी गळ्याशी आलं, हाताला काहीतरी लागलं, आणि वनमाला थांबली.

"आगे?" सेठजी म्हणाले.

"आगे पान नहीं है," वनमाला म्हणाली. "फट गया."

सेठजींनी शामलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाट उघडून दाखवलं. आतली शेवट नसलेली पुस्तकं एकमेकांना टेकून उभी होती. सेठजी महिपतरावांच्या खांद्यावर हात ठेवून उठले.

"चलिए, रावसाहब," ते म्हणाले. "ज़िंदगी भर पान खा लिए आपने. अब कुछ पान इन बच्चियों को दिलवाइए."