सहा तासं ज्वारी

साखर काठावर आली म्हणून डॉक्टरीणबाईनं सांगितलं, तेव्हा तानाबाई आधी फिसकन हसलीच. साखरेचा रोग तो पैसेवाल्याचा, आपल्या डब्यात तर मुंगीपुरतीही नसते! पण मग तिला बनाबाई आठवली. सख्खी थोरली बहीण. ह्याच रोगानं तिचा पाय गुडघ्यापासून गेला होता, आणि आता सुनेला पाणी मागतानाही ती कचरत होती. तानाबाईचं हसू जागीच जिरलं.

"रोग लागला नाही अजून," डॉक्टरीणबाई म्हणाली. "चहात साखर नको, पोळ्या कमी, ज्वारीची भाकर खा. रोज चालत जा. दिवाळीनंतर पुन्हा तपासू."

घ्या! कापूस वेचता वेचता दिवसाला कोसभर वावर तुडवणाऱ्या बाईला म्हणे चालत जा. ते जाऊ द्या, ज्वारी कुठून आणायची? बीटी कपाशी आली अन् जानेफळच्या शिवारातून ज्वारी उठलीच. ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती पऱ्हाटी. रेशनवर मिळायचा तो गहू. तानाबाईनं नवऱ्याजवळ पेरणीच्या सहा ओळींसाठी हट्ट धरला.

"मले सहा तासं सोडा. ज्वारी पेराची हाय."

"येडी झाली का वं?" शंकरराव म्हणाला. "साऱ्या शिवारातली पाखरं आपल्याच वावरात जेवाले येतीन!"

"येऊ द्या. मले बनाबाईवानी बसून राह्यचं नाही."

पेरणीला त्यानं कपाशीत सहा तासं मोकळी सोडली, आणि गिरणीवाल्या रहेमतुल्लाभाईकडून शेरभर बियाणंही मागून आणलं.

कणसं दुधात आली तशी खरंच पाखरांची झुंबड उडाली. तानाबाई डबडं बडवत, आरोळ्या ठोकत दिवसभर त्या सहा तासांभोवती फिरायची. बाया हसायच्या. मग रानडुकरांचा माग दिसला, आणि तोंडानं थट्टा करत करतच शंकररावानं भोवती बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली. त्यातलाच एक काटा चप्पल फोडून त्याच्या टाचेत गेला.

काटा तिनंच काढला. टाच सुजली तेव्हा आपल्याकडची रीत केली. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि तेल सुटताच जखमेवर टेकवला. ह्या चटक्याला भलेभले बोंब मारतात. शंकरराव मात्र निवांत तंबाखू मळत बसला होता.

"गडी मोठा धीराचा हो तुम्ही!" ती म्हणाली. तिला भारी कौतुक वाटलं. चार घरी सांगून आली.

पाखरांनी खाऊन ज्वारी उरली तीन पायल्या. पहिली भाकर तव्यावर फुगली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. वेचणी सुरू झाली. शंकरराव टाचेला फडकं गुंडाळून वावरात जात होता. काट्याचं काय एवढं, म्हणायचा.

दिवाळीनंतर ती तपासणीला निघाली, तर टाचेला वास यायला लागला म्हणून त्यालाही बळंच सोबत घेतलं.

"शाब्बास तानाबाई! साखर उतरली की!"

तानाबाईला आभाळ ठेंगणं झालं. "आता ह्यायची टाच पाहा जरा, बाई. काटा रुतला होता, भरूनच नाही राह्यली."

डॉक्टरीणबाईनं फडकं सोडलं. मग त्याच्या बोटातलं रक्त घेतलं, आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा घेतलं.

"ह्यावर काय लावलं होतं?"

"बिब्ब्याचा चटका देला."

"ओरडले नाहीत?"

"छ्या! लय धीराचे हायत ते," तानाबाई तोऱ्यात म्हणाली. पण बाईचा चेहरा पाहून तिची जीभ अडखळली.

डॉक्टरीणबाईनं त्याला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक तळपायावर दाबलं.

"कळतं का?"

"काय?" शंकररावानं विचारलं.

तिनं दुसरीकडे दाबलं. मग अंगठ्यावर. तो आपला डोळे मिटून वाटच पाहत होता.

तानाबाईनं पुढं होऊन त्याचा अंगठा नखानं दाबून पाहिला. चार-पाच महिने ती मेली आपलेच पाय जपत बसली होती, आणि ह्या माणसाचा पाय तिच्यादेखत मरत होता. तिला हुंदका आवरेना.

शंकररावानं डोळे उघडले.

"काऊन वं, रडून काऊन राह्यली?" तो म्हणाला. "तुही साखर तं उतरली ना?"