दोन तुकडे, उलटी नावं

हे मी कधी कुणाजवळ बोललो नाही — एक घर सोडून. चूक माझीच. चूक म्हणतो खरा, पण ती नकळत झाली नव्हती.

नव्वदच्या दशकात आमच्या लग्नाच्या बँडची कॅसेट निघाली. आम्ही सगळे खानदेशातले. कामाला परराज्यात, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यांत, लग्नसराईत बँडमध्ये. बँडमास्तरांची हौस अशी, की प्रत्येकाचा एकट्याचा तुकडा असावा आणि त्याआधी त्याचं नाव. ज्याला जशी सुट्टी मिळेल तसा तो रेकॉर्डिंगला जाऊन वाजवून यायचा.

क्लॅरोनेटवर दोघं — नामदेव अण्णा आणि मी. मला फुंकायला अण्णांनीच शिकवलं. दोघांनीही मुलगी सासरी निघतानाची तीच चाल वाजवली; मला दुसरी नीट येत कुठे होती? अण्णांची सलग गेली. माझा दम दोनदा तुटला.

नावं सगळ्यांचं वाजवून झाल्यावर बोलून जोडायची होती. माझे उच्चार स्वच्छ, म्हणून ते काम माझ्याकडे. रेकॉर्डिंगवाल्या गुजराती भाईला दोन क्लॅरोनेट सारखेच. अण्णांचा तुकडा लावून त्याने विचारलं, "आ कोनुं?"

हा कुणाचा, एवढंच त्याला हवं होतं.

मी माझं नाव सांगितलं. दुसऱ्या तुकड्याला अण्णांचं.

डिंडोलीच्या चहाच्या टपरीवर कॅसेट वाजली. चेला पुढे गेला, म्हणाले लोक. कुणीतरी अण्णांना डिवचलं, "अण्णा, दम सरना का तुना?" मी शेजारीच उभा होतो. अण्णा हसले. "उमर व्हयनी, भाऊ," वयावर ढकलत एवढंच म्हणाले.

त्यांना कळलं नसेल? माणूस स्वतःचा श्वास ओळखणार नाही?

त्या लग्नसराईत मास्तरांनी अण्णांच्या हातात झांज दिली. क्लॅरोनेट माझ्याकडे एकट्याकडे. लोक 'कॅसेटवालं' वाजव म्हणायचे — मी ओठ फुटल्याचं सांगायचो. बायको-मुलं गावी. खोलीवर मी ती कॅसेट लावायचो, अण्णांचा तुकडा यायचा, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. पुढे वाजवणंच सोडलं. हे प्रायश्चित्त नव्हतं. भीती होती.

काही वर्षांनी गोडादऱ्याला अण्णांच्या घरी गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या. अण्णांच्याच टेपमध्ये कॅसेट घातली. जिथे माझा आवाज माझं नाव घेतो, तिथे टेपचा आवाज बंद केला आणि तोंडाने म्हणालो, "आता ऐका — क्लॅरोनेटवर नामदेव अण्णा." सगळं वाजू दिलं. दुसऱ्या तुकड्याआधी तसंच माझं नाव घेतलं. दम तुटला, पुन्हा तुटला. वहिनींचे हात थांबले होते. अण्णा टेपकडेच बघत होते.

"अण्णा, नावं मी बदलली. समजून-उमजून. माझं चुकलं."