जेवण झालं का?

नागपूरच्या कॅन्सर नोंदणी कार्यालयात माझ्या ओळखीचे एक कारकून आहेत. जुने पेशंट हयात आहेत का, हे फोनवर विचारून लिहायचं, हे त्यांचं काम. तसं थेट विचारवत नाही, म्हणून ते विचारतात, "जेवन झालं का जी?" 'झालं' ऐकलं की 'हयात' लिहितात.

एकदा तपासणीला आलेले साहेब माझ्यासमोरच कडाडले, "जेवणं विचारायला अनुदान देतो का आम्ही?"

कारकुनांनी कुहीच्या एका आजींना स्पीकरवर फोन लावला. आजी बरसल्या, "काहून गा, सहा महिने झाले, फोन नाही! मेला होता का तू?"

साहेबांनी अनुदानाच्या कागदावर सही केली.

त्या पेशंटांच्या यादीत मीही आहे. काल मला फोन आला. संकष्टीचा उपास होता, पण धोका कोण पत्करतो? मी ओरडून सांगितलं, "झालं! दोनदा झालं!"