रामलिंगचे वेगळे ताट

नव्वदच्या दशकात आमची पलटण दोन वर्षे वाराणसीच्या छावणीत होती. मी कंपनी हवालदार मेजर होतो. जवान मला नुसते 'मेजर' म्हणत. पहाटे साडेपाचला पीटी, आठला परेड, सायंकाळी खेळ असा क्रम होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पीटीऐवजी सकाळी सहाला एफएफआय, म्हणजे संसर्गाची तपासणी होई. जवान चड्डी-बनियनवर रांगेत उभे राहत. डॉक्टर प्रत्येकाचे हात, पाय, काखा पाहत. शेवटी मी सॅल्यूट करून 'सब ठीक' असा रिपोर्ट देई. रिपोर्ट देणारा रांगेत नसतो, त्यामुळे मला कोणी तपासत नसे.

मार्चच्या तपासणीत लान्स नायक रामलिंगचे हात लाल, भेगाळलेले आढळले. रामलिंग सोलापूरकडचा, वय तेहतीस, लंगरमधला, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातला, आमचा सर्वांत चांगला स्वयंपाकी. डॉक्टर म्हणाले, "एक्झिमा है. मोठेपणीही पहिल्यांदा होतो. छूत नाही. धुण्याचा सोडा आणि साबण यांपासून हात जपा, बस्स."

मी ते ऐकले आणि मानले नाही. त्याच दिवशी रामलिंगला लंगरमधून काढून बागेला पाणी घालण्यावर लावले. त्याचे ताट आणि पेला वेगळे केले आणि नळाच्या पलीकडच्या खिळ्यावर टांगायला लावले. त्याचे बोट कशाला लागले की मी म्हणत असे, "रामलिंग, लांबून!" जवान हसत. मीही हसत असे. आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

जूनमध्ये, उष्ण वाऱ्याची लू वाहत असताना, माझ्याच बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. माझे वय एक्केचाळीस. घराण्यात कोणाला असे दुखणे नव्हते. आठवड्याभरात बारीक फोड आले, फुटले आणि कातडी चिरली. ही घाण आहे असे समजून मी सैनिकाला जे येते तेच केले: दिवसातून दहा वेळा साबणाने आणि जंतुनाशकाने हात धुतले. जितके धुतले तितके ते फाटले. बुटांच्या नाड्या बांधताना डोळ्यांत पाणी येई. नायब सुभेदारीच्या बढतीसाठी माझे नाव वर गेले होते आणि मेडिकल कॅटेगरी खाली आली तर ते मागे पडणार होते. मी गार्ड ड्यूटीचे पांढरे हातमोजे दिवसभर घालू लागलो. आत घाम साचून खाज दुप्पट होई.

"मेजरची रोजच सलामी परेड," असे माझ्या पाठीमागे बोलले जाई.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत गोदूमावशी राहत. माझ्या पत्नीच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांचे घराणे चार पिढ्यांपासून काशीत. जूनअखेरच्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावले. साडेअकराला मी पोहोचलो, तर स्वयंपाकघरातून वरणाची पातेली घेऊन रामलिंग बाहेर आला. होळीला मीच त्याला मिठाईचा डबा देऊन या घरी पाठवले होते. तेव्हापासून तो दर रविवारी येत होता, हे मला ठाऊक नव्हते.

"मावशी, याच्या हातांना..." मी म्हणालो.

"एक्झिमा आहे, माहीत आहे मला. मार्चपासून आमचं घर याच्या हातचं जेवतंय. कुणाला काही झालं का, विचार ना. तुमच्या छावणीत याला काम नाही म्हणे, मग इथे करतो. बैठ आता, भात गार होतोय. आणि ते दस्ताने काढ. जेवायला बसलायस, बारातीत नाही."

मी काढले नाहीत. मावशी आत गेल्या. रामलिंग समोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मेजर, साबण लागला का हातांना?"

"कशावरून?"

"तुम्ही चमचा मुठीत धरलाय. बोटं मिटत नसली की असंच धरतात."

मी हातमोजे काढले. त्याने माझा हात आपल्या हातात घेतला. मार्चपासून मी त्याला कोणाच्याही हाताला हात लावू दिला नव्हता. त्याने खिशातून व्हॅसलीनची डबी काढली. "हात धुतल्यावर पुसून कोरडे नाही करायचे, टिपायचे. ओल असतानाच हे लावायचं. पाण्याचं काम असेल तर रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे, तेही थोडा वेळच. आणि जंतुनाशक फेकून द्या. ते फरशीसाठी असतं."

"बरं होईल?"

"जातं, परत येतं. सांभाळायचं."

परतीला आम्ही एकाच रिक्षात होतो. मला माफी मागायची होती. मी रिक्षाचे भाडे तेवढे दिले.

दुसऱ्या दिवशी जुलैचा पहिला सोमवार होता. सहा वाजता कंपनी रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी शेवटचा जवान पाहिला आणि माझ्याकडे वळले. मी सॅल्यूट केला. 'सब ठीक' हे दोन शब्द तोंडात तयार होते.

"सर, एक आदमी बाकी है."

"कौन?"

मी हातमोजे काढून हात पुढे केले. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिले. "वही है. कब से?"

"एक महिना, सर. छुपाया था."

मग मी कंपनीकडे वळलो. जे सांगितले ते एवढेच: "हे दुखणं लागत नाही. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. रामलिंगचं ताट आजपासून सगळ्यांच्या ताटांत. डिसमिस."

सात वाजता ब्रेकफास्टला मी रामलिंगच्या शेजारी बसलो आणि त्याच्या ताटातली पुरी उचलली. तो म्हणाला, "मेजर, माझी मोडू नका, तुमची आणायला सांगा. मला भूक आहे." सगळे हसले. या वेळी त्यात रामलिंगही होता.

माझी कॅटेगरी सहा महिन्यांसाठी खाली आली. नायब सुभेदारी त्या वर्षी गेली आणि दोन वर्षांनी मिळाली. रामलिंग लंगरमध्ये परतला.

पुढच्या वर्षी पलटण उत्तरेच्या सीमेवर गेली. पुढच्या चौकीवर गरम जेवण पोहोचवताना दुपारी एकच्या सुमारास तोफेचा गोळा जवळ पडला आणि लान्स नायक रामलिंग जागीच गेला.

मी रजा घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याच्या पत्नीला मी सगळे सांगितले: ताट, बाग, माझे हसणे. तिने मान खाली घालून ऐकले.

"हे त्यांनी कधीच लिहिलं नाही," ती म्हणाली.

"माझ्याबद्दल काहीच नाही?"

ती आत जाऊन त्या जुलैचे पत्र घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवले. रामलिंगने लिहिले होते: 'आमच्या मेजरांना माझंच दुखणं झालंय. एकटे आहेत, मी लक्ष ठेवतो त्यांच्यावर.'